आधी ताप तर मोजा!

माझा मामा एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्ट केमिस्ट आहे. (कारखान्याचं नाव लिहीत नाही, मामाची चार वर्षं नोकरी अजून बाकी आहे.) गेल्या हंगामात एका शनिवारी त्याच्याकडे गेलो होतो. त्याची नेमकी रात्रपाळी होती. म्हणाला, "घरी एकटा बसून मोबाइलच बघणार ना? चल माझ्यासोबत." गेलो.

ज्यांनी डिस्टिलरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पहिली ओळख वासाशीच होते. मळीचा गोडूस, आंबूस, जड वास. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा चिकट पाक. तिथे सगळे त्याला मोलॅसिसच म्हणतात. ही मळी पाण्यात पातळ करायची, मोठाल्या टाक्यांत भरायची, यीस्ट सोडायचं आणि आंबू द्यायचं. त्या टाक्या म्हणजे फर्मेंटर. पुढे ऊर्ध्वपातन, मग राहिलेलं पाणी काढून टाकायचं, की झालं इथेनॉल. पेट्रोलमध्ये मिसळतात ते.

दर दोन तासांनी मामा बॅटरी घेऊन फर्मेंटरच्या जिन्यावर चढायचा, दोरीला बांधलेल्या बाटलीने नमुना काढायचा, थर्मामीटर बुडवायचा, खाली येऊन वहीत लिहायचा. रात्री तीनच्या फेरीत तीन नंबरच्या टाकीचं तापमान ३७ निघालं. एकच्या फेरीत ते ३३ होतं. थंड करणारा पंप मध्येच कधीतरी ट्रिप झाला होता. मामाने धावपळ करून पंप सुरू करवला, माणसांवर थोडं ओरडला आणि खुर्चीत येऊन बसला.

मी विचारलं, "पण मामा, ३७ कधी झालं? एक वाजून दहा मिनिटांनी की तीनला पाच कमी असताना?"

"ते त्या यीस्टलाच विचार," मामा म्हणाला.

टाकीला तापमानाचा सेन्सर होता, नाही असं नाही. पण तो दिवाळीपासून बंद. पॅनेलवर शून्य दाखवत होता आणि त्या शून्यावर कुणीतरी चिकटपट्टी लावून ठेवली होती.

आता माझा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्या हापिसात कुठल्याशा सर्व्हरवर किती भार आहे हे आम्ही दर पंधरा सेकंदाला मोजतो आणि तो जरा वाढला की चार जणांचे फोन वाजतात. तो सर्व्हर बंद पडला तर फार फार तर कुणाचं तरी एक बिल उशिरा निघतं. आणि इथे लाखो लिटरची जिवंत टाकी, तिची नोंद दोन तासांतून एकदा. परत येताना एसटीत हाच विचार डोक्यात होता. आणि एसटी वाळूजवरून शहरात शिरली तेव्हा तर हसूच आलं.

कारण वाळूजला काय बनतं? ऑप्टिकल फायबर! छत्रपती संभाजीनगर म्हटलं की लोकांना अजिंठा-वेरूळ, बीबी का मकबरा, हिमरू, फार तर मोटारसायकली आणि बिअर आठवते. पण वाळूज आणि शेंद्रा इथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज अतिशुद्ध काचेच्या जाड कांड्या बनवते आणि त्या साधारण दोन हजार अंशांना तापवून त्यांचा धागा ओढते. या धाग्याचा व्यास १२५ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहून थोडा जाड. प्रकाश चालतो तो त्याच्या मधल्या ८-९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. हा धागा जगभर जातो, इंटरनेट वाहून नेतो. आणि गोदावरीच्या काठाने तासा-दोन तासांच्या अंतरावर असे किती कारखाने आहेत जिथे माझ्या मामासारखी माणसं दोरीला बाटली बांधून टाकीत डोकावतायत.

तर आजचा विषय हा. फायबर फक्त माहिती वाहून नेत नाही, ते स्वतः मोजूही शकतं. जैवइंधन बनवताना त्याचा वापर करण्याबद्दल जगभर भरपूर काम चालू आहे, शोधनिबंध पडतायत, आपल्याकडेही कोलकात्याची सीजीसीआरआय आणि इंदूरचं आरआरकॅट या संस्था फायबर सेन्सरवर काम करतात. माझं मत थोडक्यात सांगायचं तर असं: आपल्याकडच्या डिस्टिलऱ्यांत हे तंत्रज्ञान यायला हवं, पण ते चुकीच्या टोकाकडून येईल अशी मला भीती वाटते. का, ते सांगतो.

आधी टाकीत काय चालतं ते बघू. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. अकरावीत समीकरण होतं, आठवत असेल: १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे १०० किलो साखरेतून जास्तीत जास्त ५१ किलो इथेनॉल. यापलीकडे ब्रह्मदेवही देऊ शकत नाही. प्रत्यक्षात यीस्ट स्वतःची वाढ करतं, थोडं ग्लिसरॉल बनवतं, जिवाणू येऊन आपला वाटा खातात. त्यामुळे नव्वद टक्क्यांच्या आसपास हाती लागलं तरी मामा खूश असतो.

समीकरणात एक गोष्ट लिहायची राहते, ती म्हणजे उष्णता. एक किलो साखर आंबताना साधारण ६०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. टाकीतल्या रसात १५ टक्के साखर धरली आणि तो थंडच केला नाही, तर हिशोबाने त्याचं तापमान वीसेक अंशांनी चढायला हवं. ३० चं ५०! तिथवर पोचायच्या आधीच यीस्ट मान टाकतं. त्याला ३२-३३ अंश मानवतं. ३५-३६ च्या वर ते कुरकुरायला लागतं, आणि अल्कोहोल वाढलेलं असताना तर जास्तच. उलट नको असलेल्या जिवाणूंना ही ऊब आवडते. साखर तीच, पण अल्कोहोलऐवजी आम्ल बनायला लागतं. आणि आपल्याकडे मार्चपासून पुढे बाहेरचीच हवा चाळीस अंशांची.

आता पैशाचं बघू. दिवसाला ६०,००० लिटरचा एक मध्यम प्रकल्प उदाहरणादाखल घ्या. कार्यक्षमता ९० वरून ८९ टक्क्यांवर आली तर रोजचं साधारण ६६७ लिटर इथेनॉल गेलं. सी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलचा भाव सरकारने जानेवारी २०२५ मध्ये लिटरला ५७ रुपये ९७ पैसे केला. त्या भावाने रोजचे साडेअडतीस हजार. दीडशे दिवस चाललं तर जवळपास ५८ लाख रुपये. एका टक्क्याचे! आणि हा टक्का कुठल्या मोठ्या अपघातात जात नाही. तो अशाच रात्री तीन वाजता, अर्धा-अर्धा तास करून जातो.

मग फायबर तापमान मोजतं कसं? यातली मला सगळ्यात आवडलेली युक्ती म्हणजे ब्रॅग जाळी. १९७८ साली कॅनडात ओटावाच्या एका सरकारी प्रयोगशाळेत केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती सापडली. अतिनील प्रकाशाने फायबरच्या गाभ्यात अगदी बारीक, समान अंतरावर 'पट्ट्या' पाडता येतात. प्रकाशाचे सगळे रंग या पट्ट्यांतून आरपार जातात, फक्त एक ठरावीक तरंगलांबी परत फिरते. तापमान वाढलं की पट्ट्यांमधलं अंतर आणि काचेचा गुण दोन्ही किंचित बदलतात आणि परत येणारी तरंगलांबी सरकते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास एका अंशाला सुमारे १० पिकोमीटर. म्हणजे दीड लाख भागांत एक भाग. आकडा नगण्य वाटतो, पण तो मोजणारी यंत्रं आहेत आणि ती बऱ्यापैकी भरवशाची आहेत.

गंमत पुढे आहे. एकाच धाग्यावर अशा डझनभर जाळ्या पाडता येतात, प्रत्येकीची तरंगलांबी वेगळी. म्हणजे एकच धागा टाकीत वरपासून खालपर्यंत सोडला तर प्रत्येक उंचीवरचं तापमान वेगवेगळं कळतं. एका वायरवर डझनभर थर्मामीटर, आणि प्रत्येकाचा रंग वेगळा असल्याने कोण बोलतोय हे ओळखता येतं. (प्रोग्रामर मंडळींनो, प्रत्येक पॅकेटला स्वतःचा पत्ता आहे असं समजा.)

दुसरा प्रकार याहून मजेशीर. त्यात जाळ्याबिळ्या काही नाहीत, साधं फायबर. त्यात प्रकाशाचा स्पंद सोडायचा. काचेच्या रेणूंवरून त्याचा अगदी थोडा भाग रंग बदलून परत येतो. हाच तो रामन परिणाम, १९२८ चा, ज्याच्यासाठी आपण २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन साजरा करायचो. परत आलेल्या प्रकाशातला एक भाग तापमानाप्रमाणे कमी-जास्त होतो. काचेत प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे २० सेंटिमीटर जातो, त्यामुळे किती वेळाने परत आला यावरून कुठून आला तेही कळतं. अख्खा धागाच थर्मामीटर! मीटरागणिक तापमान.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? तापमानासाठी पीटी-१०० नावाचा प्लॅटिनमचा सेन्सर आहे, तो स्वस्त आहे, वर्षानुवर्षं चालतो. बरोबर आहे. एका टाकीत एकाच ठिकाणचं तापमान हवं असेल तर पीटी-१०० च लावा, फायबरच्या भानगडीत पडू नका. फायबरचं वाचक यंत्रच लाखांच्या घरात जातं. (आणि मामाच्या टाकीतला बंद सेन्सर पीटी-१०० च होता. तो दुरुस्त करायला फायबर नको होतं, एक इन्स्ट्रुमेंटवाला हवा होता. यावर पुढे येतोच.)

पण दोन-तीन ठिकाणी फायबरला पर्याय नाही असं मला वाटतं. पहिलं, टाकी मोठी असते. आंबणं जोरात असताना सुटणारा गॅसच सगळं ढवळतो, तेव्हा वर-खाली फारसा फरक नसतो. पण सुरुवातीला आणि शेवटी, गाळ बसायला लागला की टाकीच्या पोटात वेगवेगळं काही चालू असू शकतं. तिथे एकाच उंचीवरचा आकडा आपल्याला फसवतो.

दुसरं, मळीच्या साठवण टाक्या. मळी नुसती पडून असली तरी उन्हाळ्यात आतल्या आत स्वतःच तापते, फेसाळते, आणि तापली की आणखी वेगाने तापते. साखर कारखानदारीतला हा जुना धोका आहे. म्हणून ती चाळीसच्या खाली ठेवायला सांगतात, टाकीवर बाहेरून पाणी मारतात. इतक्या मोठ्या टाकीत कुठला कोपरा तापलाय हे एका थर्मामीटरने कसं कळणार? तिथे मीटरागणिक सांगणारा धागा म्हणजे सोन्याहून पिवळं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठिणगी. फायबरमध्ये वीज नसते. इथेनॉलचा भडका बिंदू आहे १३ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या हवामानात त्याची वाफ कधीही पेट घ्यायला तयार. हवेत सव्वातीन टक्के वाफ झाली की पुरे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेवगाव तालुक्यात गंगामाई साखर कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला मोठी आग लागली होती. शेवगाव म्हणजे आपल्या पैठणच्या पलीकडचंच. त्या आगीच्या कारणाबद्दल मी काही म्हणत नाहीये, पण इथेनॉलच्या टाक्यांजवळ काम करणाऱ्या माणसांच्या डोक्यावर काय टांगलेलं असतं हे त्या दिवशी आख्ख्या परिसराने पाहिलं. अशा जागी विजेची जितकी कमी उपकरणं तितकं बरं. काचेचा धागा तिथे जाऊ शकतो आणि वाचक यंत्र दूर कंट्रोल रूममध्ये सुखाने बसू शकतं.

इथपर्यंत सगळं छान. आता चुकीचं टोक.

या विषयावरचं वाचायला लागलं की कळतं, संशोधकांना तापमानात फारसा रस नाही. त्यांना थेट अल्कोहोल मोजायचंय. साहजिक आहे, तोच तर माल आहे! फायबरचं बाहेरचं आवरण झिजवून पातळ केलं किंवा वेगळ्या प्रकारची लांब जाळी पाडली, की आतल्या प्रकाशाला बाहेरच्या द्रवाचा अपवर्तनांक जाणवायला लागतो. पाण्याचा १.३३३, इथेनॉलचा १.३६१. म्हणजे आकडा वाढला की अल्कोहोल वाढलं. बायोडिझेलमध्येही तेच: तेलाचा अपवर्तनांक जास्त, त्यापासून बनलेल्या बायोडिझेलचा कमी, फरकावरून क्रिया कुठवर आली ते कळतं. प्रयोगशाळेत आलेख सुंदर येतात.

पण आपल्या टाकीत नुसतं पाणी आणि अल्कोहोल नसतं हो! साखर असते. आणि साखरही अपवर्तनांक वाढवते. ऊस कारखान्यातलं ब्रिक्स मोजायचं यंत्र याच तत्त्वावर तर चालतं. १८-१९ ब्रिक्सचं साखरेचं पाणी आणि निव्वळ इथेनॉल, दोघांचा अपवर्तनांक जवळपास एकच आहे. आंबताना साखर कमी होते, आकडा खाली ओढते. त्याच वेळी अल्कोहोल वाढतं, आकडा वर ढकलतं. दोन माणसं दोरी दोन बाजूंना ओढतायत आणि आपण फक्त रुमाल कुठे आहे ते पाहून कोण किती जोर लावतंय हे सांगायचं! एक आकडा आणि दोन अज्ञात. नववीच्या मुलालाही कळेल की दुसरं समीकरण लागणार.

दुसरं समीकरण मिळू शकतं. अवरक्त प्रकाश फायबरने टाकीत नेऊन, कुठला रंग किती शोषला गेला ते पाहून साखर आणि अल्कोहोल वेगळे काढता येतात. परदेशात हे होतं, आपल्याकडेही अशक्य नाही. पण त्याला लागतं कॅलिब्रेशन. म्हणजे शेकडो नमुने, प्रत्येकाचं प्रयोगशाळेतलं खरं उत्तर, आणि मळी बदलली की पुन्हा सगळं तपासणं. आपली मळी तर बदलतेच: आज सी-हेवी, उद्या बी-हेवी, परवा शेजारच्या कारखान्यातून आणलेली दोन वर्षं जुनी. शिवाय मळीत चुना आणि गाळ. महिनाभरात सेन्सरच्या नाकावर असा थर बसतो की तो टाकी न मोजता स्वतःवरचा थर मोजत बसतो.

तरीही विकणारे विकतील. रंगीत डॅशबोर्ड असेल, वर एआयची फोडणी असेल, दर सेकंदाला अल्कोहोलचा आकडा हलताना दिसेल. आणि खाली तापमानाचा सेन्सर दिवाळीपासून बंद असेल.

हे मी हवेतलं बोलत नाही. असा डॅशबोर्ड मी स्वतः बनवलाय. दोन वर्षांपूर्वी एका अन्नप्रक्रिया कारखान्यासाठी (हा डिस्टिलरी नव्हे, वेगळा) आम्ही टाक्यांची तापमानं पडद्यावर आणायचं काम केलं होतं. तापमान मर्यादेबाहेर गेलं की पुण्यात बसलेल्या साहेबांना मेसेज, साहेबांचा फोन शिफ्टवाल्याला, फोनवर काय बोललं जायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. टाकीजवळ उभ्या असलेल्या माणसाला मात्र पडदाच नव्हता. तो आमच्या कामाच्या यादीतच नव्हता! तीन महिन्यांनी मी भेट द्यायला गेलो तर एका टाकीचा आलेख अगदी सरळ रेषेत, जराही हलत नाही. मी म्हटलं, वा, काय कंट्रोल आहे! जाऊन बघतो तर सेन्सर टाकीतून काढून शेजारच्या पाण्याच्या बादलीत ठेवलेला.

त्या वेळी मला त्या माणसाचा खूप राग आला होता. आज येत नाही. त्याच्यासाठी तो सेन्सर म्हणजे साहेबाचा खबऱ्या होता. खबऱ्याला लोक बादलीतच ठेवणार.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. पहिलं, आधी ताप मोजा. सगळ्या टाक्यांचा, चोवीस तास, नीट. डॉक्टरही रक्ताच्या महागड्या तपासण्या लिहायच्या आधी थर्मामीटर लावतो. तापमान मोजण्यात फायबरचं काही सिद्ध करायचं राहिलेलं नाही, जाळी स्टीलच्या बारीक नळीत सैल ठेवली (ताण पडला तरी तरंगलांबी सरकते म्हणून) की मळीचा थर बसला तरी तापमान कळायला थोडा उशीर होतो इतकंच, आकडा खोटा येत नाही. आणि आंबण्याची उष्णताच सांगते की यीस्ट किती जोरात काम करतंय. थंड करायला किती पाणी गेलं आणि ते किती तापून परत आलं हे माहीत असेल, तर साखर किती वेगाने संपतेय याचा चांगला अंदाज नुसत्या तापमानावरून बांधता येतो. फुकट!

दुसरं, पहिला पडदा मामाला द्या. जिन्याखाली, टाकीजवळ, मराठीत, मोठ्या आकड्यांत. ३४ झालं की भोंगा आधी तिथे वाजू दे, त्याला दहा मिनिटं मिळू देत, तरी खाली आलं नाही तर मग साहेबाला कळव. यात तंत्रज्ञानाचा खर्च शून्य आहे, दोन ओळींचा फरक आहे. पण कंत्राटाच्या कागदावर ह्या दोन ओळी नसतात, कारण कंत्राट साहेब काढतो.

तिसरं, मामाची वही फेकू नका. अल्कोहोलचा सेन्सर उद्या लावायचा असेल तर त्याला शिकवायला जी शेकडो खरी उत्तरं लागणार आहेत ती त्या वहीत आहेत. नमुना, वेळ, गुरुत्व, आम्लता, अल्कोहोल. वीस वर्षांच्या वह्या कारखान्याच्या माळ्यावर उंदीर खातायत. आम्ही सॉफ्टवेअरवाले 'डेटा नाही, डेटा नाही' म्हणून रडतो आणि तो तिथे रद्दीच्या भावाने जातोय.

आणि चौथं, जे बोलायला जरा अवघड आहे. आकडा शेतकऱ्यालाही दिसायला हवा.

आपल्याकडे ऊस आणि मोजमाप यांचं नातं काही निर्मळ नाही. 'काटामारी' आणि 'उताराचोरी' हे शब्द उसाच्या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतात. उसाचा भाव उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे शंभर टन ऊस घालणाऱ्याला ०.१ टक्क्याचे ३,४६० रुपये. आता बी-हेवी मळी किंवा थेट रस इथेनॉलकडे वळवला की साखर कमी बनते, उतारा कमी दिसतो. वळवलेली साखर किती हे ठरवून ती उताऱ्यात परत धरावी लागते. ती कोण ठरवतं? कारखान्याच्या प्रयोगशाळेतले आकडे आणि त्यावरचे दाखले. शेतकऱ्याच्या हातात शेवटी एक आकडा येतो, त्यामागचं काही नाही.

डिस्टिलरीत किती मळी गेली, तिच्यात साखर किती होती, आणि इथेनॉल किती निघालं, हे तीन आकडे रोज कारखान्याच्या फाटकावर लावले तर? फायबरचा सेन्सर यातलं सगळं सांगणार नाही. मळीतली साखर अजून काही वर्षं तरी फेहलिंगच्या निळ्या द्रावणानेच मोजली जाईल. पण ५१ टक्क्यांचं समीकरण सगळ्यांना सारखंच लागू आहे. इथेनॉल जास्त निघालं आणि साखर कमी गेल्याचं कागदावर असेल तर कुणीही दहावी पास पोरगा बोट दाखवू शकेल. मोजमाप सतत चालू असलं आणि सगळ्यांना दिसत असलं, की बादलीत सेन्सर ठेवणं कुणालाच सोपं राहत नाही. साहेबालासुद्धा.

यावर मित्र म्हणतात, तू फारच भाबडा आहेस, कर्जात बुडालेले कारखाने फाटकावर आकडे कशाला लावतील? असेल भाबडेपणा. पण न मोजता विश्वास ठेवल्याचं काय होतं तेही आपण पाहिलंय. २००३ मध्ये नियोजन आयोगाने बायोडिझेलसाठी जट्रोफाची, म्हणजे आपल्या मोगली एरंडाची, मोठी योजना मांडली. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल येणार होतं. पडीक जमिनीवर एकरी किती बी येतं हे नीट मोजायच्या आधीच लोकांनी रोपं लावली. बी आलंच नाही तेवढं. इथेनॉलचं तसं झालं नाही हे मान्य करायला हवं: २००३ मध्ये महाराष्ट्रासकट नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाने सुरुवात झाली, मधली दहा-बारा वर्षं रडतखडत गेली, २०१८ च्या धोरणानंतर वेग आला, जून २०२२ मध्ये १० टक्के झालं आणि २०२५ मध्ये २० टक्के. योजना चालली. पण म्हणूनच आता 'किती बनवलं' यापेक्षा 'कशातून किती बनवलं' हे विचारायची वेळ आहे.

विशेषतः मराठवाड्यात. आपला ऊस पाऊस नसताना जायकवाडीचं आणि बोअरचं पाणी पितो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने मद्य उद्योगांचं पाणी टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कापायला सांगितलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो, नळाला पाणी कधी येणार यावर घरात भांडणं व्हायची. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवणं एका आदेशाने थांबवलं, ते बंधन उठायला पुढचा ऑगस्ट उजाडला. ऊस लावावा की नाही हा वाद वेगळा आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना दम आहे. पण एकदा वर्षभर पाणी पाजून ऊस वाढवला, तोडला, गाळला, मळी काढली, आणि मग शेवटच्या पायरीवर तो रात्री तीन वाजता पंप ट्रिप झाला म्हणून वाया घालवायचा, याला तर कुठल्याच बाजूचा माणूस हो म्हणणार नाही ना?

करायचं म्हटलं तर फार काही नाही. एक कारखाना, त्यातल्या चार टाक्या, दोन धागे, एक वाचक यंत्र, एक हंगाम. धागा आपल्याच शहरात ओढला जातो (त्यावर जाळ्या दुसरीकडे पाडून घ्याव्या लागतील), इथल्या अभियांत्रिकी कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्टला विषय मिळत नाहीत म्हणून तीच ती 'ऑटोमॅटिक पाण्याची टाकी' बनवतात. सॉफ्टवेअर मी शनिवार-रविवारी लिहून देतो, हे जाहीरपणे सांगतो.

मामाला परवा फोनवर हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सगळं चांगलंय रे. पण आधी त्या तीन नंबरचा जुना सेन्सर कुणाकडून तरी दुरुस्त करून दे. पाच महिने झाले अर्ज देऊन."

पुढच्या शनिवारी जातोय. सोबत मल्टिमीटर घेतलाय.